सेल्फ-वॉटरिंग कुंडीत भाजी लावायची, तर आत काय भरायचं?

माझ्या पहिल्या सेल्फ-वॉटरिंग डब्यात, म्हणजे तळाच्या टाकीतून स्वतःच पाणी वर ओढणाऱ्या डब्यात, मी टोमॅटोची तीन रोपं लावली होती. ऑक्टोबर महिना, पाऊस संपलेला, बाल्कनीत सकाळचं छान ऊन. तिसऱ्या आठवड्यात खालची पानं पिवळी पडायला लागली. पाणी कमी पडतंय असं वाटून मी वरूनही तांब्याभर घालायला लागले. आणखी आठ दिवसांत रोपांनी माना टाकल्या. शेवटी डबा उपडा केला. वरची चार बोटं माती ठीक होती. त्याखाली करडी-निळसर, चिकट चिखल आणि गटारासारखा वास. मूळ चिमटीत धरून ओढलं की साल निसटून यायची आणि आतला बारीक दोरा तेवढा हातात राहायचा.

माती वाईट नव्हती. गावाकडच्या शेतातली काळी माती आणि नीट कुजलेलं शेणखत, दोन्ही उत्तम. त्याच मातीत तिकडे हरभरा आणि ज्वारी येते. पण शेतात पाणी वरून पडतं आणि खाली निघून जातं. या डब्यात पाणी कायम तळाशी उभं असतं आणि वर चढतं. चढण्यासाठी जे लागतं ते शेतातल्या मातीकडून मागणं चुकीचं होतं.

त्यानंतर चार-पाच हंगाम मी हेच शिकत गेले. नवीन सुरुवात करणाऱ्यांना ते रोपं गमावून शिकावं लागू नये, म्हणून हा लेख. डबा कसा बनवायचा हे इथे विस्ताराने सांगत नाही, कारण डबे विकत मिळतात आणि दोन बादल्या एकात एक घालून घरीही होतात. आत काय भरायचं, इथेच बहुतेकांची गाडी अडते.

आधी कुंडीचं काम समजून घ्या

कुठलीही सेल्फ-वॉटरिंग कुंडी घ्या, तिचे भाग तेच असतात. तळाशी पाण्याची टाकी. टाकीच्या वर जाळी किंवा भोकं पाडलेली दुसरी बादली. टाकीत पाणी ओतायला एक उभी नळी. जास्तीचं पाणी बाहेर जायला बाजूला एक भोक, म्हणजे ओव्हरफ्लो. आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे वरच्या मिश्रणातून खाली टाकीत उतरलेला एक 'पाय'. हा पाय म्हणजे भोकं पाडलेला छोटा डबा, त्यात मिश्रण ठासून भरलेलं. तो पाण्यात उभा राहतो आणि त्याच्यातून पाणी वर चढतं.

घरातली समई आठवा. वात तेल वर ओढते कारण तंतूंच्या मध्ये बारीक फटी असतात. वात फार घट्ट वळली तर तेल नीट चढत नाही, अगदी सैल असली तरी चढत नाही. कुंडीतल्या मिश्रणाचं काम हुबेहूब वातीचं. फरक एवढाच की इथे त्या वातीत मुळंही राहतात आणि मुळांना हवा लागते. म्हणजे मिश्रणात दोन प्रकारच्या पोकळ्या हव्यात. बारीक पोकळ्या पाणी वर खेचतील आणि मोठ्या पोकळ्या रिकाम्या राहून हवा धरतील. या लेखातली प्रत्येक सूचना या एका गोष्टीवरून निघते.

हवेचं महत्त्व डोळ्यांनी बघायचं असेल तर भांडी घासायचा जाड स्पंज घ्या. पाण्यात बुडवून तळहातावर आडवा धरा. पाणी ठिबकून थांबलं की त्याला उभा करा. आणखी पाणी गळेल, पण खालची कड चिंबच राहील. कुंडीतही हेच होतं. तळाशी एक थर कायम चिंब असतो आणि मिश्रण जितकं बारीक कणांचं, तितका तो थर उंच. साध्या कुंडीत झाड दिवसभरात ते पाणी पिऊन टाकतं, उरलेलं सुकतं. सेल्फ-वॉटरिंग कुंडीत मात्र खाली टाकी असल्यामुळे तो थर सुकतच नाही. माझ्या टोमॅटोची मुळं त्या थरात गुदमरली होती. वरची पानं कोमेजली म्हणून मी आणखी पाणी घातलं, म्हणजे उरलेली हवाही मीच घालवली.

माती का नको

महाराष्ट्राच्या पठारावरची काळी माती बेसॉल्टच्या खडकापासून झाली आहे आणि तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती भरपूर असते. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात शेताला पडणाऱ्या भेगा त्यामुळेच. कुंडीत ती फुगलेलीच राहते, मोठ्या पोकळ्या बंद होतात. टाकी चुकून रिकामी राहिली तर आक्रसून डब्याच्या कडेपासून सुटते, आणि मग वरून घातलेलं पाणी कडेच्या फटीतून थेट खाली जातं.

मुंबई-ठाण्याच्या नर्सऱ्यांत मिळणारी लाल माती काळीइतकी फुगत नाही. पण तिच्यातले बारीक कण पाण्याबरोबर खाली बसत जातात. दोन महिन्यांत पाय विटेसारखा घट्ट होतो. 'थोडीशी माती घातली तर काय बिघडतं?' असं मला अनेकजण विचारतात. साध्या कुंडीत काही बिघडत नाही, उलट फायदाच होतो. या कुंडीत मात्र एक मूठही घालू नका असं मी सांगेन. वजनाचाही प्रश्न आहे. वीस लिटरच्या बादलीत भरलेली ओली माती तीस किलोच्या पुढे जाते, आणि बाल्कनीत किंवा गच्चीवर अशा दहा-बारा बादल्या ठेवायच्या म्हटलं तर विचार करावा लागतो.

वाळूचाही मोह टाळा. बारीक वाळू पोकळ्या भरून टाकते. बांधकामावरची क्रश सँड तर दगडाच्या पुडीने भरलेली असते आणि ती ओली झाल्यावर गच्च बसते.

आता जे मी मनापासून मानते त्याबद्दल. आपल्याकडे पालापाचोळा, उसाचं चिपाड आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा यांतून माती तयार करण्याची मोठी चळवळ आहे. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर आणि त्यांचा प्रयोग परिवार यांनी थोड्या जागेत, हाताशी असलेल्या काडीकचऱ्यातून भरपूर पिकवण्याचा विचार कितीतरी लोकांपर्यंत पोचवला. माझ्या गच्चीवरच्या साध्या वाफ्यांत मी आजही तेच करते. पण शंभर टक्के पालापाचोळ्याचं खत सेल्फ-वॉटरिंग कुंडीत चालत नाही. ते कुजतच राहतं, बारीक होत जातं, खाली बसतं, आणि कायम ओलं राहिल्यामुळे त्याचा लगदा होतो. मिश्रणाचा एक भाग म्हणून ते फार चांगलं आहे. सगळं मिश्रण त्याचंच करू नका.

आणि तळाशी खापराचे किंवा विटांचे तुकडे टाकायची सवय इथे सोडा. आपल्या आईने, आजीने प्रत्येक कुंडीत ते घातले, म्हणून हात आपोआप तिकडे जातो. पण खडी आणि खापरांच्या मोठ्या फटींतून पाणी वर चढू शकत नाही. वात मधेच तोडल्यासारखं होतं. टाकी भरलेली आणि रोप तहानलेलं, असं दिसलं तर आधी हाच थर तपासा.

साहित्य कोणतं घ्यायचं

अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात १९६०च्या दशकात पीट मॉस (दलदलीत साचलेलं, अर्धवट कुजलेलं शेवाळ) आणि व्हर्मिक्युलाइट (तापवून फुलवलेलं अभ्रकासारखं खनिज) यांचं मातीविरहित मिश्रण तयार झालं. जगभरच्या नर्सऱ्यांत आज जी हलकी मिश्रणं दिसतात ती त्याच वळणाची. पीट मॉस आपल्याकडे बाहेरून येतं आणि महाग पडतं. त्याची जागा आपल्याकडे कोकोपीटने घेतली आहे. नारळाच्या सोडणातून काथ्या काढल्यावर जो भुसा उरतो, तो म्हणजे कोकोपीट. पाणी धरायला आणि वर चढवायला याच्यासारखं दुसरं काही नाही. पीट मॉस पूर्ण वाळलं की पाणी झटकून टाकतं, पुन्हा भिजवताना नाकी नऊ येतात. कोकोपीट वाळलं तरी परत पाणी घेतं. चार दिवस गावाला गेल्यावर टाकी आटण्याची शक्यता असणाऱ्या आपल्यासारख्यांना हा मोठा आधार आहे.

कोकोपीट एकटं पुरत नाही. त्याच्यात हवा कमी आणि अन्न जवळजवळ नाही.

हवेसाठी पर्लाइट. ज्वालामुखीची काच साधारण ९०० अंश सेल्सिअसला तापवली की लाहीसारखी फुलते, ते पर्लाइट. पांढरं, अगदी हलकं, वर्षानुवर्षं टिकणारं. थोडा जाडा प्रकार मागा. पुडीसारखं बारीक असेल तर उपयोग नाही. पिशवी पूर्ण उघडण्याआधी आत पाणी शिंपडा आणि नाकाला रुमाल बांधा, कारण कोरडं असताना त्याची धूळ फार उडते.

पर्लाइट महाग वाटत असेल किंवा मिळत नसेल, तर भाताचं तूस. मावळात, कोकणात, गोव्यात जवळ भातगिरणी असेल तर ते पोतंभर सहज मिळतं. अर्धवट जाळून कोळसा केलेलं तूस सगळ्यात चांगलं. पांढरी राख होईपर्यंत जाळू नका, राख मिश्रण खारट आणि अल्कधर्मी करते. कच्चं तूसही चालतं, फक्त त्यात राहिलेले भाताचे दाणे उगवतात ते उपटावे लागतात, आणि एक-दोन हंगामांनंतर ते कुजून बारीक होतं. थर्मोकोलचे दाणे वापरू नका. ते वर तरंगून येतात आणि वाऱ्याबरोबर सगळ्या सोसायटीभर पसरतात.

अन्नासाठी गांडूळखत किंवा घरचं पूर्ण मुरलेलं कंपोस्ट. मुरलं आहे की नाही ते नाकाने ओळखा. पहिल्या पावसानंतरच्या जमिनीसारखा वास हवा. आंबूस किंवा अमोनियासारखा वास आला, किंवा ढिगात हात घातल्यावर कोमट लागलं, तर अजून महिनाभर थांबा. शेणखतही चालतं, पण दोन वेळा चाळून आणि नक्की कुजलेलं असेल तरच.

नर्सरीतून तयार पॉटिंग मिक्स आणणार असाल तर पिशवी उचलून बघा. आकाराने मोठी आणि वजनाला हलकी हवी. दहा किलोची पिशवी उशीएवढीच असेल तर आत बहुतेक मातीच आहे. दुकानदाराला लाल माती किती घातली आहे ते सरळ विचारा. ओळखीचा नर्सरीवाला हे लपवत नाही.

कोकोपीट धुणं

ही पायरी गाळू नका. नारळ बहुतेक किनारपट्टीवर होतो, आणि सोडणं कित्येक ठिकाणी खाऱ्या पाण्यात भिजवली जातात. त्यामुळे न धुतलेल्या कोकोपीटमध्ये सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार बरेच असू शकतात. साध्या कुंडीत ते रोजच्या पाण्याने वाहून जातात. इथे पाणी फक्त वर चढतं, त्यामुळे क्षार बाहेर पडायला वाटच नाही. माझ्या दुसऱ्या हंगामात मेथीच्या पानांच्या कडा जळून तपकिरी झाल्या, त्या याच कारणाने.

कोकोपीट दाबून केलेल्या विटेच्या रूपात मिळतं. विटेवर 'लो ईसी' (म्हणजे क्षार कमी) किंवा 'वॉश्ड' (धुतलेलं) असं लिहिलेलं घ्या. तरीही घरी एकदा धुवाच. पाच किलोची वीट मोठ्या टबात ठेवून पंचवीस-तीस लिटर पाणी थोडं थोडं ओता. तासाभरात ती साठ-सत्तर लिटरपर्यंत फुलते. छोटी साडेसहाशे ग्रॅमची वीट आठ-नऊ लिटर होते. पहिल्यांदा करणाऱ्यांनी छोटीच घ्यावी. फुललेलं कोकोपीट जुन्या सुती साडीच्या तुकड्यात किंवा कांद्याच्या जाळीदार पोत्यात भरून टांगा, वरून पाणी ओता, निथळू द्या. असं दोन-तीन वेळा. सुरुवातीचं पाणी कडक चहासारखं येतं, नंतर फिकट होत जातं.

पाण्याचा रंग आणि क्षार यांचा मात्र थेट संबंध नाही. घरी पाण्याच्या फिल्टरसाठी घेतलेला छोटा टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा मीटर, असेल तर तो इथे फार कामाचा. आधी नळाच्या पाण्याचा आकडा बघा, मग निथळलेल्या पाण्याचा. दोघांत शंभर-दोनशेपेक्षा जास्त फरक राहिला नाही की झालं.

कोकोपीटची आणखी एक खोड सांगते. ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम स्वतःकडे धरून ठेवतं आणि त्या बदल्यात सोडियम-पोटॅशियम सोडतं. टोमॅटोच्या फळाचा तळ काळा पडून बसका होतो, तो रोग नसून कॅल्शियम फळापर्यंत न पोचल्याची खूण असते. म्हणून मिश्रणात जिप्सम (कॅल्शियमचं खनिज) किंवा डोलोमाइट (कॅल्शियम-मॅग्नेशियम असलेल्या चुनखडीची पूड) घालायचं.

माझं मिश्रण

वीस लिटरच्या रंगाच्या बादलीत टाकीची जागा सोडून साधारण पंधरा लिटर मिश्रण बसतं. लिटरभराचा कुठलाही डबा माप म्हणून घ्या. धुतलेलं, हाताला ओलसर लागणारं कोकोपीट आठ मापं. पर्लाइट किंवा जाळलेलं तूस तीन मापं. चाळलेलं गांडूळखत किंवा कंपोस्ट चार मापं. त्यात एक मूठ निंबोळी पेंड आणि दोन टेबलचमचे डोलोमाइट. बोअरवेलचं जड पाणी वापरत असाल तर डोलोमाइटऐवजी जिप्सम घाला, कारण जड पाण्यामुळे मिश्रण आधीच अल्कधर्मी बाजूला झुकत जातं. जमिनीवर ताडपत्री टाकून सगळं कणीक मिसळावं तसं खालीवर करा.

खताचं प्रमाण वाढवायचा मोह होतो. चार मापांची सहा करू नका. जास्त खत म्हणजे जास्त चिंब थर आणि जास्त क्षार.

पायात भरायचं मिश्रण वेगळं ठेवा. तीन भाग कोकोपीट, एक भाग पर्लाइट, खत अजिबात नाही. पाय चोवीस तास पाण्यात असतो. तिथे खत घातलं की ते हवेशिवाय सडतं आणि वास टाकीभर पसरतो.

मिरचीला आणि वांग्याला थोडी कोरडी माती मानवते, त्यांच्यासाठी मी पर्लाइट एक माप वाढवते आणि कोकोपीट एक माप कमी करते. पालक, मेथी, कोथिंबिरीला मूळ मिश्रणच चांगलं. रोझमेरी, कोरफड असली कोरडेपणा आवडणारी झाडं या कुंडीत लावूच नयेत.

भरण्याआधी बाटलीची परीक्षा

दुसऱ्याच्या मापावर, माझ्याही, डोळे मिटून विश्वास ठेवू नका. प्रत्येकाचं कोकोपीट वेगळं, खत वेगळं. एक रात्र घालवून स्वतःच बघा.

आधी मुठीची परीक्षा. ओलसर मिश्रण मुठीत घट्ट दाबा. एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागू नये. मूठ उघडल्यावर लाडू राहावा आणि बोटाने टोचला की मोडावा. लाडू वळलाच नाही तर मिश्रण फार जाडं. टोचूनही मोडला नाही तर फार चिकट.

मग लिटरभर पाण्याची प्लॅस्टिकची बाटली घ्या. वरचा निमुळता भाग कापा, तळाला तापवलेल्या खिळ्याने आठ-दहा भोकं पाडा. मिश्रण जवळजवळ कोरडं होऊ द्या, हाताला जेमतेम गार लागेल इतकं. ते बाटलीत भरून दोन-तीनदा ओट्यावर आपटा. खोलगट ताटात दोन बोटं पाणी घेऊन त्यात बाटली उभी करा. आता बाहेरून बघत बसावंसं वाटेल इतकं ते स्पष्ट दिसतं. कोरडं कोकोपीट फिकं, मारी बिस्किटाच्या रंगाचं. खालून गुळाच्या ढेपेसारखा गडद पट्टा हळूहळू वर सरकत येतो. तासाभराने पट्टा कुठे आला तिथे मार्करने रेघ मारा, रात्री झोपताना दुसरी, सकाळी तिसरी.

सकाळपर्यंत पट्टा वीस सेंटिमीटरच्या आसपास चढलेला हवा. दहा-बारावरच अडकला असेल तर पर्लाइट जास्त झालं, कोकोपीट वाढवा. वरपर्यंत चढला असेल तर बाटली ताटातून काढून दहा मिनिटं जाळीवर निथळू द्या आणि तळाचं मिश्रण बोटाने उकरा. ओलं पण भुसभुशीत निघालं तर तुमचं मिश्रण तयार आहे. बोटाला चिखल लागला तर पर्लाइट वाढवून परत परीक्षा घ्या. माझ्या पहिल्या टोमॅटोची ती काळी माती मी नंतर अशीच बाटलीत भरून पाहिली. पाणी तिच्यातही चढलं, पण तळाशी बोट घातल्यावर लापशी लागली.

कुंडी भरणं

वीस लिटरच्या बादलीला पाय म्हणून दह्याचा अर्ध्या किलोचा डबा पुरतो. त्याला चहूबाजूंनी भोकं पाडा, पायाचं मिश्रण ओलं करून अंगठ्याने घट्ट दाबत भरा. इथे दाबायचंच आहे. पायात पोकळी राहिली की पाणी तिथेच थांबतं. दोरीची वात वापरणार असाल तर नायलॉनची किंवा पॉलिस्टरची घ्या. सुती दोरी काही महिन्यांत कुजते.

पायाच्या वरचं मिश्रण मात्र दाबू नका. चार-चार बोटांचे थर टाका, प्रत्येक थरावर झारीने थोडं पाणी शिंपडा, बादली हलकेच हलवा. पाण्याच्या पातळीपासून मिश्रणाच्या वरच्या कडेपर्यंत पंचवीस, फार तर तीस सेंटिमीटर अंतर ठेवा. त्याहून उंच डब्यात वरचा भाग कोरडाच राहतो. काठोकाठ भरा, कारण पंधरा दिवसांत ते दोन-तीन बोटं बसतं.

पहिल्यांदा पाणी नेहमी वरून द्या, ओव्हरफ्लोतून गळायला लागेपर्यंत. वातीला पेटवण्याआधी तेलाचं बोट लावतो ना, तसंच. टाकी नुसती खालून भरली आणि वरचं मिश्रण कोरडं राहिलं तर दोघांचा सांधा जुळायला फार दिवस जातात.

रोप लावल्यावर पहिले दहा-पंधरा दिवस वरूनही थोडं पाणी द्या. मुळं अजून वर असतात. मेथी, कोथिंबीर बियांपासून करताना तर उगवण होईपर्यंत वरचा थर ओला ठेवावाच लागतो. मग वाळक्या पानांचं दोन बोटं आच्छादन घाला. त्याने बाष्पीभवन कमी होतं आणि ओल्या पृष्ठभागावर घोंगावणारी बारीक काळी चिलटंही कमी होतात.

वीस लिटरच्या बादलीत टोमॅटोचं एकच रोप. फळांनी लगडलेलं रोप एप्रिलच्या उन्हात दिवसाला दोन-तीन लिटर पाणी सहज पितं, तेव्हा पाच लिटरची टाकी दोन दिवसांत संपते. सेल्फ-वॉटरिंग म्हणजे महिनाभर बघायला नको, अशी समजूत करून घेऊ नका.

पुढची निगा

टाकी सतत काठोकाठ ठेवायची गरज नाही. ती रिकामी झाल्यावर एक दिवस तशीच जाऊ द्या, मग भरा. त्या दिवसात मिश्रणात हवा शिरते. उन्हाळ्यात टोमॅटोला हा खाडा देऊ नका, बाकी ऋतूंत द्या.

टाकीत जीवामृत, शेणपाणी, ताक, ओल्या कचऱ्याचा अर्क यातलं काहीही ओतू नका. हे सगळं छान आहे, पण बंद टाकीत सडतं. वरून, पातळ करून, पंधरा दिवसांनी कपभर द्या. गांडूळखताची एक मूठ महिन्यातून एकदा आच्छादन बाजूला करून पसरली तरी चालते.

वरच्या थरावर पांढरी साय दिसली तर ते क्षार आहेत. वरचं एक बोट मिश्रण खरवडून टाका आणि वरून बादलीभर पाणी हळूहळू ओतून ओव्हरफ्लोतून वाहू द्या, टाकी उपसून टाका. टँकरचं किंवा बोअरवेलचं पाणी असेल तर हे दर महिन्याला करा.

नळीच्या तोंडावर आणि ओव्हरफ्लोच्या भोकावर बारीक जाळी बांधणं विसरू नका. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि उन्हापावसाच्या दिवसांत आठ-दहा दिवसांत नवा डास उडतो. नळीवर नुसतं झाकण ठेवलं की ते वाऱ्याने पडतं. जुन्या मच्छरदाणीचा तुकडा आणि रबर बँड जास्त खात्रीचा.

जून ते सप्टेंबर या कुंड्या उघड्यावर असतील तर वरून येणाऱ्या पावसाने मिश्रण सतत चिंब राहतं आणि ओव्हरफ्लोही कधीकधी पुरत नाही. मी त्या चार महिन्यांत टाकीच्या तळाचं बूच काढून ठेवते, म्हणजे ती साधी कुंडी होते. बाल्कनी पावसापासून आडोशाला असेल तर याची गरज नाही. नवख्यांनी सुरुवात सप्टेंबरअखेर करावी. मेथी किंवा पालक लावा, महिन्याभरात भाजी निघते आणि मिश्रण जमलंय की नाही तेही कळतं. टोमॅटो त्यानंतर.

हंगाम संपला की मिश्रण फेकू नका. ताडपत्रीवर काढा, मुळं झटकून वेगळी करा, दोन दिवस उन्हात पसरा, मग पोत्यात भरून वरून पाणी ओतत धुवा. बसलेल्या भागाची भर म्हणून चौथा हिस्सा नवं कंपोस्ट आणि मूठ-दोन मुठी पर्लाइट घाला. असं कोकोपीट तीन हंगाम चांगलं काम देतं, नंतर ते पिठासारखं बारीक व्हायला लागतं आणि बाटलीच्या परीक्षेत तळ चिखल दाखवतो. तेव्हा ते साध्या कुंड्यांत, गुलाबाला किंवा जास्वंदीला घाला आणि इथे नवी वीट भिजवा. पायातलं मिश्रण मात्र दर हंगामाला नवंच भरा.